डब्यात डबा, डब्यात सासू

अक्षर न् अक्षर खरं आहे बरं का! यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर चारचौघांत हसताना माझी कवळी समोरच्याच्या चहात पडो.

तर एक सून होती. वस्तुसंग्रहालयाच्या कोठीत तात्पुरत्या नोकरीवर. कोठी म्हणजे काय विचारू नका! घड्याळांवर दिवे, दिव्यांवर सुरया, आणि कुठे काय ठेवलंय ते रखवालदारालाही ठाऊक नाही नि चोरालाही. मग नवे साहेब आले. म्हणाले, "आता प्रत्येक वस्तूची माहिती एक्सएमएलमध्ये, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा भाषेत, लिहायची. प्रशिक्षण ठेवलंय, हातानं करून शिकायचं. शिकेल तो कायम, नाही शिकणार तो महिनाअखेर घरी."

सुनेला शिकणं भागच होतं. घर तिच्या पगारावर चाललेलं. नवऱ्याचं दुकान म्हणजे असून नसून सारखं.

शिकवायला एक गृहस्थ आले. दर वाक्याला 'कंस उघडा, कंस बंद करा'. त्यामुळे दुपारपर्यंत त्यांचं नाव कंसमामा पडलं. पण माणूस शिकवायचा झकास. म्हणाला, "माहितीचा प्रत्येक तुकडा डब्यात ठेवायचा. डब्यावर नाव लिहायचं. मोठ्या डब्यात लहान डबा, त्यात आणखी लहान. आणि उघडलेलं प्रत्येक झाकण लावायचं, आतलं आधी, बाहेरचं मागून. एक झाकण उघडं राहिलं, तर यंत्र अख्खा कागद तोंडावर फेकणार."

काय अद्भुत विद्या आहे हो! जगातली कुठलीही वस्तू घ्या, हत्ती घ्या, टाचणी घ्या. नीट डब्यांत घातली की हे यंत्र ती वाचतं आणि समुद्रापलीकडच्या दुसऱ्या यंत्राला सांगतं. त्यालाही ती बिनचूक कळते! आमच्याकडे शेजारच्या खोलीत निरोप धड पोचत नाही.

सूनबाई घरी आली ती हेच घोकत. नवऱ्यानं तेलाचा डबा उघडा टाकला, तर कडाडली, "उघडलंस ना? मग लाव! आतलं आधी!"

सासू वाटाणे सोलत बसली होती. ती म्हणाली, "जन्मभर मी हेच सांगितलं, तर ती कटकट. यंत्रानं सांगितलं, तर ते प्रशिक्षण!"

सासू म्हणाल तर मोठी गुणी बाई. दिसायलाही छान. मी उगीच तोंडदेखलं बोलत नाही.

मग आली परीक्षा. "आपल्या घरातली एखादी जुनी वस्तू घ्या," कंसमामांनी सांगितलं, "आणि तिची सगळी माहिती लिहून आणा. बघून लिहा, आठवून नको." सुनेच्या घरात जुनं काही उरलेलंच नव्हतं. सगळं भंगारात गेलेलं. तिनं स्वयंपाकघरभर नजर फिरवली. समोर सासू बसलेली. सून थांबली, नीट बघितलं आणि लिहायला लागली. नाव लिहायची लाज वाटली, म्हणून नुसतं लिहिलं, 'प्रकार: जुनी, बोलकी वस्तू.'

दुसऱ्या दिवशी वर्गात यंत्रानं एकेकाचे कागद परत फेकले. कुणाच्या खुर्चीचं झाकण उघडं, कुणाचा कंदील भलत्याच डब्यात. सुनेचा कागद मात्र गप्पकन गिळला. हिरवी खूण! कंसमामा उभेच राहिले. "एकही झाकण उघडं नाही! वा!" त्या वा-वामध्ये सून अशी फुगली, की कागद सरावाच्या कप्प्यात टाकायच्या ऐवजी तिनं शेजारच्या खऱ्या कप्प्यात टाकला.

यंत्राला काय! ते हसत नाही, शंका घेत नाही. झाकणं लागलीत ना? मग वस्तू खरी. त्यानं तिला नंबर दिला, संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चढवली, आणि उंची-वजन वाचून सुताराला चौथऱ्याची ऑर्डरसुद्धा दिली.

साहेब धावतच कोठीत आले. "अगं, राजधानीच्या मोठ्या संग्रहालयाचं पत्र आलंय! बोलक्या यंत्रांचं प्रदर्शन भरवतायत, आणि आपली वस्तू मागतायत! आजवर त्यांनी आपल्याकडे पाण्याचा पेलाही मागितला नव्हता. कुठे आहे ती?"

सुनेनं हातातली सुरई खाली ठेवली. "घरी आहे, साहेब."

"घरी? संग्रहालयाची वस्तू तू घरी नेलीस?"

"तसं नाही, साहेब, ती वस्तू म्हणजे..."

"एक शब्द बोलू नकोस! नोकरीचं राहू दे, पोलिसांना बोलवावं लागेल. गाडी काढा! सुताराला घ्या!"

दार सासूनंच उघडलं. समोर साहेब, मागे टेप घेतलेला सुतार, आणि सगळ्यांत मागे सून, रडवेली.

"आजी, एक वस्तू न्यायला आलोय," साहेब म्हणाले.

"न्या की. कोणती?"

साहेबांनी कागद काढला. "बांधणी भक्कम. स्थिती उत्तम, उजवा सांधा कुरकुरतो."

सासूनं गुडघ्यावरचा हात हळूच काढला.

"आवाज आपोआप सुरू होतो, बंद करायची सोय नाही. शेजारी तशीच दुसरी वस्तू ठेवू नये, दोन्ही तापतात."

सासूनं सुनेकडे बघितलं. सुनेनं जमिनीकडे.

"दोष," साहेब वाचत होते, "सांगितलेली गोष्ट दर वेळी वाढते. विशेष: कुणी पाहत नसताना सुरू होते आणि घरात राहिलेली कामं उरकते. विचारलं, तर नाकारते."

सून अभ्यासाला बसली, की सासू गुपचूप तिची भांडी आवरायची, कपड्यांच्या घड्या घालायची, नि वर सांगायची, 'तूच केलं असशील.' हिला वाटायचं, कुणाला पत्ता नाही. आणि पोरीनं तर सगळं पाहून, डब्यात घालून, वर झाकणही लावलं होतं! इतकं निरखून तिला कुणी, कधी बघितलं नव्हतं.

"आणि शेवटी, किंमत: अमूल्य," साहेबांनी संपवलं. "कुठे आहे ती?"

"तुमच्यासमोर," सासू म्हणाली. "उचला."

सुतारानं टेप उघडली.

"टेप खाली ठेव रे!" साहेब ओरडले.

साहेबांचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे... म्हणजे मी मोठ्या संग्रहालयाला होकार कळवलाय! माझी अब्रू..."

"आई, मी चुकले हो," सून म्हणाली. "कप्पा चुकला."

"तू गप्प बस. तुझं एकही झाकण उघडं नव्हतं." सासू साहेबांकडे वळली. "साहेब, मी येते की प्रदर्शनाला. जाते आणि तिथल्या माणसांना सांगते, की आमच्याकडच्या यंत्राला सासू आणि सुरई यातला फरक कळत नाही, आणि साहेबांनाही कळत नाही. आवाज आपोआप सुरू होतो माझा. बंद करायची सोय नाही."

साहेब घाम पुसत बसले. मग पाणी प्यायले. मग म्हणाले, "हिचा कागद वर्गात एकटाच पास झाला होता, नाही का?"

"एकटाच," सून पुटपुटली.

"मग नियमानं ती कायमच." आणि तिथंच बसून त्यांनी मोठ्या संग्रहालयाला कळवलं, 'दिलगीर आहोत. वस्तू प्रवासाला राजी नाही.'

सूनबाई आजही कोठीत आहे. सगळ्या सुरया, घड्याळं तिनं डब्यांत घातली. आता यंत्राला विचारा, हवी ती वस्तू क्षणात सापडते. मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय, तोंडात बोट गेलं माझ्या.

सगळं असंच घडलं. बरं, एक बारीकसं सोडून. किमतीच्या डब्यात 'अमूल्य' नव्हतं. तिथं लिहिलं होतं, 'नवऱ्याबरोबर फुकट आली.' 'अमूल्य' मी माझ्या सूनबाईला नंतर समोर बसवून लिहायला लावलं. झाकण मात्र तिनं स्वतःहून लावलं हो.