मानाच्या गोळीची आणि बाळोजी ओताऱ्याच्या जळफळाटाची हकीकत

श्रीगजाननाचे पायी मस्तक, शारदेचे पायी लेखणी, आणि ज्यांचे मुखी हरिकथा त्या सज्जनांचे पायी बाकी जे काही उरले ते सर्व. शके अठराशे दोन, विक्रमनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी एके राज्यी, ज्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, सरकारांस दोन नाद होते, एक हरिकीर्तनाचा आणि दुसरा सहा गोळ्यांची सहा घरे असलेल्या फिरत्या तमंच्याचा. तमंचा ऐसा की नळीचे तोंडी बोर धरावे तर सुखाने आत जावे, आणि बार उडता धरणाराचा हात कपाळापर्यंत यावा. त्या तमंच्याच्या गोळ्या ओतण्याचे काम बाळोजी ओतारी याजकडे. घराणे मूळचे देवळांच्या घंटा ओतणारे, म्हणोन बाळोजीची गोळी कशी, तर वाटोळी, तुकतुकीत, आरशासारखी. आणि रीत ऐसी की शिकारीचे आरंभी पहिले घरी जी गोळी बसे ती मानाची गोळी, आणि जनावर पडले म्हणजे ती ओतणारास दुसरे दिवशी कीर्तनात बुवांचे गळ्यातला हार मिळे आणि बैठक सरकारांचे शेजारी. बाळोजी कीर्तनाचा मोठा भुकेला, आणि त्या बैठकीवरून बुवांचे डोळ्यांतले पाणीही दिसे, म्हणोन हार म्हणजे त्यास वैकुंठच वाटे.

परंतु गेले साली ऐसे जाहले की बाळोजीची मऊ शिशाची गोळी सांबराचे बरगडीवर बसली ती भाकरीसारखी पसरली, आणि सांबर निघोन गेले, आणि नळी पाहतात तो आत शिशाची पुटे चढलेली, पुढचे बार कोठल्या कोठे. मग सरकारांनी धाकोजी तांबट म्हणोन एक परगावचा मनुष्य आणविला. त्याची गोळी मळकट, तोंड वरवंट्याच्या बुडासारखे सपाट, कमरेस खाचा, खाचांत मेण आणि चरबी भरलेली, आणि तमंच्याचे घरात ठोकून बसविता कडेने शिशाची बारीक कड निघावी इतकी घट्ट. ती गोळी नीलगाईचे या खांद्यातून शिरोन त्या खांद्यातून पार जाहली आणि मागचे वारुळात शिरली, आणि हार धाकोजीस मिळाला, बैठकही मिळाली.

त्या दिवसापासोन बाळोजीचे पोटी निखारा पडला. धाकोजी हसला तरी जळावे, धाकोजी शिंकला तरी वाटावे, शिंक काय खणखणीत आहे मेल्याची! घरी बायको सगुणाबाई पान वाढून म्हणाली, "अहो, जेवा तरी. का भातातही तांबटच दिसतो?"

"त्याचे नाव काढू नकोस."

"मी कुठे काढलं? झोपेत तुम्हीच काढता."

मग बाळोजी वारुळ उकरून ती गोळी काढता जाहला, आणि दातांखाली धरली, तो दात दुखला, गोळी दबली नाही. बाळोजी मनी म्हणाला, सापडले! कडकपणा हेच याचे मर्म. आणि सपाट तोंडाकडे पाहून हसला, की साच्यात धातू पुरता भरलाच नाही, तोंड अपुरे राहिले, तांबट तो तांबट, ओतकाम याचे बापाने केले होते काय? ऐसे म्हणोन आपला वाटोळा साचा तसाच ठेविला आणि शिशात कथील घातले, शिसे कडक करणारा सुरमा घातला, आणि घंटा ओतणाराची सवय, गोळी फरशीवर टाकावी आणि कान द्यावा. बद्द वाजली की आणखी सुरमा, ठक्क वाजली की आणखी, आणि एके दिवशी गोळी टण्णकन वाजली, तेव्हा बाळोजीचे डोळ्यांस पाणी आले, जणू बुवांचे हातची झांजच.

मग शिकारीचा दिवस उगवला. उसात एक एकांडे डुक्कर माजले होते, त्याने दोन माणसे फाडली होती. सरकारांनी कस पाहण्यास दोघांच्या गोळ्या देवळातले ताम्हणात टाकविल्या. धाकोजीची ठक्क वाजली, बाळोजीची ऐसी वाजली की पुजाऱ्याने मागे वळून पाहिले. सरकार बोलिले, "मानाची गोळी बाळोजीची. दुसरी धाकोजीची." आणि बाळोजीने धाकोजीकडे पाहिले, ते पाहणे लिहिता येत नाही.

धाकोजी जवळ येऊन हळूच बोलिला, "बाळोजीदादा, राग मानू नका. फार कडक झाली हो. हाडावर फुटेल."

"पोटात दुखतंय का रे? ओवा खा."

"तसं नव्हे. जनावर वाईट आहे, सरकार पायी जाणार."

"सरकारांची काळजी मला नाही होय? जा, तुझ्या अपुऱ्या तोंडाच्या गोळ्या मोज."

मग हाकारा जाहला, आणि डुक्कर उसातून निघाले ते थेट सरकारांचे अंगावर. सरकारांनी पहिला बार केला, डुक्कर गुडघ्यावर आले, आणि लोकांनी "पडलं! पडलं!" म्हणोन आरोळी दिली, आणि तोच ते उठोन पुनः धावले, आणि दुसरा बार जाहला तेव्हा सरकारांचे जोड्यापाशी नाक टेकून निवर्तले. सरकार घाम पुसोन बोलिले, "पहिल्यानेच मेले होते, नुसते झोकाने आले. शाबास बाळोजी!" बाळोजीचे पाय भूमीस लागेनात.

परंतु शिकारखान्याची रीत, सोलताना दोघां ओतणारांनी जखमा पाहाव्या. कातडे उलटले तो काय दिसले? डुकराचे खांद्यावर कातड्याची जाड ढाल असते, तीत बाळोजीची गोळी ठिकऱ्या होऊन रुतलेली, आत बोटभरही गेली नव्हती. आणि दुसरी गोळी दोन्ही खांदे मोडून, वाटेतले काळीज घेऊन पार. बाळोजीचे तोंड राखेसारखे जाहले. धाकोजीने सुरीचे टोकाने ठिकऱ्या वेचल्या आणि बाळोजीचे मुठीत घातल्या.

"ठेवा, दादा. मी काही पाहिलं नाही."

"उपकार करतोस?"

"उपकार कसले? सरकार वाचले, झालं. आणि खरं सांगू, तो हार तुम्हालाच शोभतो. मला कीर्तनात झोप येते."

दुसरे दिवशी तिसऱ्या प्रहरी कीर्तन मांडले. अच्युतबुवांनी हार बाळोजीचे गळा घातला आणि सरकारांनी शेजारी बसविले. उत्तररंगी सुदाम्याचे आख्यान लागले, आणि बुवा गहिवरून म्हणाले, "पाहा हो, देवाने सोन्याची नगरी दिली, पण मित्रापाशी एक शब्द बोलला का? देऊन जो बोलत नाही, तोच थोर! त्याचे पायी देवही लोटांगण घालतो!" सभेत हुंदके फुटले, आणि बाळोजी पाहतो तो खांबाआड धाकोजी, मान कलंडलेली, सुखाने घोरतो आहे. सारी स्तुती त्याची चालली होती, आणि त्यास त्याची शुद्धही नाही! मग बाळोजीस राहवेना. ताडकन उठोन म्हणाला, "बुवा, थांबा!" मृदंग थांबला. "तो थोर तिथे खांबाआड घोरतोय! डुक्कर त्याच्या गोळीने पडलं. माझी फुटली. ह्या ठिकऱ्या!" आणि मूठ उघडली.

सरकार बोलिले, "बाळोजी, तुला कोणी विचारले नव्हते. मग का सांगितलेस?"

बाळोजी रडकुंडीस येऊन बोलिला, "सरकार, गोळीत हा पुढे गेला, तेवढं गिळलं असतं. पण चांगुलपणातही हाच पुढे? ते नाही सोसवत!"

तेव्हा सरकार हसले आणि सभा हसली आणि बुवांची चिपळी हातून गळाली. आणि बुवांनी हार बाळोजीचे गळ्यातून काढून धाकोजीचे गळा घातला, तो धाकोजी दचकून जागा जाहला आणि म्हणाला, "आरती झाली का?" मग सरकारांनी बाळोजीस पुनः शेजारीच बसविले, धाकोजीस पलीकडे बसविले, आणि कीर्तन पुढे चालले.

तात्पर्य येणेप्रमाणे. डुक्कर धाकोजीचे गोळीने पडले, सत्य बाळोजीचे मत्सराने बाहेर आले, आणि पुढील साली बाळोजीने सुरमा कमी केला, साच्याचे तोंड सपाट कापविले, आणि ही युक्ती धाकोजीपासोन घेतली ऐसे कोणापाशी म्हटले नाही. बुवांनी ते दिवशी दोहींचे श्रेय नारायणास दिले, आणि सर्वांनी हात जोडिले. बाळोजीनेही जोडिले, परंतु क्षणभर नारायणाचाही त्यास हेवा वाटला. हरये नमः.