भिंगरीचं विजेवरचं युकुलेले

बाळांनो, चुळबूळ थांबवा आणि ऐका. एका जंगलात वीज अजून पोचली नव्हती, पण विक्रेते पोचले होते. तिथे भिंगरी नावाची एक शेकरू राहत होती.

भिंगरीकडे एक युकुलेले होतं. म्हणजे गिटारीचं धाकटं भावंड. चारच तारा, त्याही नायलॉनच्या. रोज दुपारी ती जांभळाच्या फांदीवर बसून वाजवायची. खाली कासवआजोबा आणि टिटवीची पिल्लं ऐकत बसायची. गाणं एकच. त्यातही तिसऱ्या ओळीला भिंगरी हमखास अडखळायची. पिल्लं हसायची, भिंगरीही हसायची आणि गाणं पुढे सरकायचं.

एके दिवशी धनेश पक्षी माल विकायला आला. चोच मोठी, पिशवी त्याहून मोठी.

"ताई, नायलॉनवर वाजवता? अजून?"

भिंगरीला उगीचच लाज वाटली.

"मघाशी ऐकलं मी. तिसऱ्या ओळीला अडखळता ना? दोष बोटांचा नाही हो. तारांचा आहे."

बाळांनो, इतकं गोड भिंगरीशी आजवर कुणीच बोललं नव्हतं.

धनेशाने पिशवीतून विजेवरचं युकुलेले काढलं. लालभडक, पोलादी तारांचं. एका डब्याला जोडून त्याने एक तार छेडली. सूर निघाला आणि विरलाच नाही. हवेत थरथरत राहिला. भिंगरीच्या शेपटीचा केस न् केस उभा राहिला.

"केवढ्याला?" तिने विचारलं.

"पावसाळ्याची बेगमी केवढी आहे?"

आठळ्या गेल्या, बिया गेल्या, सुकवलेली उंबरं गेली. मग कळलं, डबा वेगळा घ्यावा लागतो. डब्याशिवाय आवाज मुंगीलाही ऐकू जात नाही. बॅटरी वेगळी. वायरही वेगळी. भिंगरीने ढोलीतलं मऊ अंथरूण देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिने जोरात वाजवलं. पोलादी तारांनी बोटं सोलवटून निघाली. तिसऱ्या ओळीला ती अडखळली. पूर्वी हे खाली बसलेल्यांनाच कळायचं. आता डोंगरापलीकडच्या अस्वलालाही कळलं. टिटवीने पिल्लांसकट बिऱ्हाड हलवलं. आजोबांनी मान कवचात ओढून घेतली.

"त्यात काय एवढं?" धनेश म्हणाला. "हेडफोन घ्या. तुमचं तुम्हालाच ऐकू येईल. जुनं युकुलेले दिलंत तरी चालेल."

भिंगरीने तेही दिलं.

आता ती फांदीवर एकटीच मान डोलवायची. खालून जाणाऱ्यांना वाटायचं, बिचारीची दाढ दुखतेय.

पावसाळा लागला. ढोली रिकामी. दोन दिवस भिंगरी नुसती पाणी पिऊन राहिली. तिसऱ्या दिवशी कासवआजोबा झाडाखाली आले.

"भिंगरे, खाली उतर. जेवायला चल."

भिंगरीचे डोळे भरून आले. तिने झटकन लाल युकुलेले बगलेत मारलं.

"आजोबा, जेवणाआधी एक ऐकवते."

"नको गं," आजोबा घाईघाईने म्हणाले. "तू एकटीच ये."

भिंगरी एकटीच गेली. पोटभर कंदमुळं जेवली. हात धुताना बोटं झोंबली, तशी ती आजोबांच्या कानाशी वाकली.

"आजोबा, धनेश सांगत होता, चांदीच्या तारा आल्यात म्हणे. तुमची यंदाची बेगमी केवढी आहे हो?"

तात्पर्य: वाजवता येत नसेल तर सराव करून बोटं झिजवू नयेत, महागडं वाद्य घ्यावं. वाजवता तरीही येत नाही, पण चुका तारांच्या नावावर जातात. जेवणाचं काय, शेजारी असतातच.