हराळीला पाणी घालणारे रंगनाथराव

माणसं दुसऱ्याच्या बागेत गेली की फूल मागतात, गुलाबाची फांदी मागतात, फार तर कढीपत्ता. आमचे रंगनाथराव तण मागायचे.

"वैनी, तेवढा केना न्हेऊ का? मुळं सांभाळून काढतो मी."

आता केना म्हणजे आपण उपटून उकिरड्यावर फेकतो ते गवत. त्यात द्यायचं काय? न्या म्हटलं. तर हा गडी मांडी घालून बसला, एकेक रोप मातीसकट हलक्या हातानं उचललं, तान्ह्या लेकराला गुंडाळावं तसं ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि लुनावर पायाशी ठेवून गेला. मी आपली दारात उभी.

जालन्यातल्या आमच्या कॉलनीत तेव्हा बागप्रेमींचं मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी एकेकाच्या घरी जायचं, बाग बघायची, पोहे खायचे आणि परत येताना त्याच बागेला नावं ठेवायची, असा आमचा नियम. रंगनाथराव एकही रविवार चुकवायचे नाहीत. गुलाबाकडं ढुंकून बघायचे नाहीत. कुंडीमागं वाकून म्हणायचे, "वा! हराळी काय जोमात हाय!" घरमालकिणीचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

बरं, माणूस एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. उभा जन्म बियाण्यातून तणाचं बी निवडून टाकण्यात गेला, आणि आता हे! कुणी म्हणे ससे पाळलेत, कुणी म्हणे औषधाला नेतात. समोरच्या शकूनं तर ऐकीव गोष्टीवर गुडघेदुखीसाठी केन्याचा काढा करून प्याला. गुडघे होते तसेच राहिले, वरून पोट बिघडलं.

आपल्या घरी मात्र रंगनाथराव कुणाला बोलवत नसत. पाळी आली की "अजून जमीन तयार न्हाई", नाहीतर "पाहुणे येऊन राह्यले." शेवटी मंडळाच्या अध्यक्षा मालतीबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "या रविवारी बाग दाखवा, न्हाईतर मंडळातून नाव कमी करते."

रंगनाथरावांचा चेहरा पडला. "नाव कमी करू नका, ताई. तेवढं करू नका. या मंग."

गेलो. फाटकातून आत शिरलो. अंगणभर सरळ रेषेत सऱ्या पाडलेल्या. सऱ्यांत केना, हराळी, लव्हाळा, ओळीनं लावलेला. वर पाणी घातलेलं! आम्ही टँकरच्या पाण्यावर मोगरा कसाबसा जगवायचो, आणि हा माणूस हराळी भिजवून राह्यला!

"बाग कुठंय?" मालतीबाईंनी विचारलं.

"ही काय."

मला वाटलं, बिचाऱ्याला एकट्याला झेपत नसेल. शकूलाही तेच वाटलं असावं. आमचे हात कुठं गप्प बसतात? तण दिसलं की हात जातोच. आम्ही पदर खोचला आणि उपटायला लागलो. मालतीबाईंनीही मूठभर केना ओढला.

रंगनाथराव चहाचा ट्रे घेऊन आले ते ओरडलेच, "अहो हात लावू नका! आजचं हाय ते!"

आजचं? तण आजचं म्हणजे काय? मूठभर केना हातात धरून आम्ही एकमेकींकडं बघतोय.

तेवढ्यात आतून त्यांची बायको आली. लक्ष्मीबाई. नऊवारीचा काष्टा, हातात खुरपं. आम्हाला बघून तोंडभर हसली. "एवढ्या बाया आल्या? लई बरं झालं. मंग उभ्या काय राह्यल्या? पात धरा जल्दी, ऊन व्हायच्या आत वावर उरकू."

ती सरीत बसली आणि सपासप खुरपू लागली. काय हात होता बाईचा!

रंगनाथराव हळूच म्हणाले, "हिचं सगळं इसरून गेलंय. लेकरांची नावं गेली. खुरपं तेवढं ध्यानात राह्यलं. अंगणात तण नसलं की वावर हुडकीत अंबडच्या रस्त्यानं चालाय लागती. म्हणून रोज हिनं काढलेलं मी सांजच्याला पुन्हा लावतो. पण सारखं उपटून ते जगत न्हाई. नवं लागतं. ते तुमच्याकडंच मिळतं, ताई."

हातातला केना मालतीबाईंनी वाकून पुन्हा सरीत लावला, माती दाबली. मग आमच्याकडं वळून दटावल्यासारखं म्हणाल्या, "कुणीबी घरचं तण फेकायचं न्हाई. समजलं? रंगनाथराव न्यायला येतील." आणि चांगल्या साडीनिशी मातीत बसल्या.

मी लक्ष्मीबाईंच्या शेजारची ओळ धरली. खुरपता खुरपता त्या माझ्या कानाशी आल्या.

"तो ट्रेवाला माणूस हाय ना, लई भला हाय. रोज सकाळी मला च्या देतो. त्याला घरचं कुणी न्हाई का गं?"

मी मान वर केली तर रंगनाथराव आमच्याकडं पाठ करून कपबशा गोळा करत होते. चहा अजून कुणी प्यालाही नव्हता.