ऑप-एडचा खरा अर्थ

अख्ख्या सोलापुरात ‘ऑप-एड’चा खरा अर्थ माहीत असलेला माणूस एकच, आणि तो मी! अहो, कॉलेजात इंग्रजी शिकवतो मी. तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की उपास! यंदा मात्र कायम होणारच होतो. संस्थेचे अध्यक्ष अण्णाराव यांच्या साठीनिमित्त पेपरात लेख लिहिला होता मी. लोणी इतकं लावलं होतं, की पेपर हातातून निसटावा!

डाव्या पानावर अण्णारावांची तारीफ करणारा अग्रलेख, उजव्या पानावर माझा लेख. पेपर नाचवतच ऑफिसात शिरलो.

“ऑप-एडला आलोय!”

“ऑप... येडं?” हेडक्लार्क बिरुदेव म्हणाले.

“एड हो! एडिटोरियल, म्हणजे अग्रलेख!”

“मग ऑप म्हंजे ओपिनियन, व्हय की न्हाय?”

इथं नुसतं ‘व्हय’ म्हणायचं आणि चहा प्यायचा. पण आमची जीभ!

“छ्या! सगळे हितंच चुकतात. ऑप म्हणजे ऑपोझिट! अग्रलेखाच्या ऑपोझिट लिहिलंय मी!”

अमेरिकेतल्या पेपरांनी अग्रलेखासमोरचं पान बाहेरच्या लेखकांना दिलं, त्यावरून हा शब्द रुजला. हा सगळा इतिहास मी रिकाम्या खुर्चीला सांगितला. बिरुदेव कधीच अध्यक्षांच्या केबिनकडं पळाले होते.

दुपारी बोलावणं आलं. ऑर्डरच मिळणार म्हणून नव्या पेठेतून पेढे घेऊन गेलो.

“अग्रलेखात आमची स्तुती,” अण्णाराव म्हणाले, “आन् तुमी त्याच्या ऑपोझिट?”

“साहेब, ऑपोझिट म्हणजे समोर! समोरचं पान!”

“इलेक्शनला माझ्या इरोधात असतो, तो बी समोरच उभा असतो की.”

“लेख वाचा तरी! तुम्हाला ज्ञानसूर्य म्हटलंय!”

“इरोधातलं आमी वाचत न्हाय.”

“आणि माझी जागा?”

“भाच्याला दिली.” त्यांनी माझ्याच पुड्यातला पेढा उचलला. “घ्या की, तोंड गोड करा.”

तो पेढा मी खाल्ला! अजून घशाशी येतोय.

घरी शिवानीनं, माझ्या बायकोनं, सगळं ऐकून कपाळावर हात मारला. “अय्यो! ओपिनियन म्हणायला काय झालं होतं?”

“अगं, चुकीचं आहे ते!”

“चुकीचं, पण कायम झाला असता की!”

ऑप म्हणजे काय, ते आजही मीच बरोबर सांगेन. येडं कोण, ते मात्र बिरुदेवांनी आधीच बरोबर सांगितलं होतं.