घरटी एक मत

शेजारच्या देशातला हुकूमशहा हटवायचा हे सरकारचं ठरलं होतं. लोकांना विचारायचं तेवढं राहिलं होतं. आमचा देश बलाढ्य असला तरी लोकशाहीवादी आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात घुसायचं झालं तर आम्ही आधी आपल्या माणसांना विचारून घुसतो. आणि विचारायचं म्हटलं की शाळामास्तर आलेच. गुरं मोजा, विहिरी मोजा, किडके दात मोजा, सगळं आमच्याच गळ्यात. पाचवीच्या वर्गाला अपूर्णांकांच्या मध्यावर सोडून मी 'गणक' अशी पाटी गळ्यात अडकवली आणि प्रशिक्षणाला गेलो.

हा हुकूमशहा नदीपलीकडे राहतो. तिकडे त्याला 'थोरले' म्हणतात. न म्हटल्यास सहा महिने आत. थोरले वाईटच आहेत, त्यात वाद नाही. माणसं उचलून नेतात आणि घरच्यांना पत्ता लागू देत नाहीत. पूर्वीही ते एवढेच वाईट होते, पण तेव्हा आपला तो बाब्या होता. आमच्या पाचवीच्या पुस्तकात आपले राष्ट्रप्रमुख त्यांना मिठी मारतानाचं चित्र आहे. मागच्या महिन्यात वरून आदेश आला तेव्हा मी मुलांकडून त्यावर पांढरा कागद चिकटवून घेतला. कागद पुरवठा विभागाचा होता. उजेडात धरला की मिठी दिसते.

माझी अडचण वेगळीच होती. माझी ताई नदीपलीकडे दिलेली आहे. पूल संपतो तिथेच भावोजींचं सायकलदुरुस्तीचं दुकान आणि वर दोन खोल्या. फौज जाणार ती पुलावरून, म्हणजे जे काही मुक्त व्हायचं ते आधी ताईच्या दारात होणार. आई पंचाहत्तरीची आहे. तिला देशांतलं फारसं कळत नाही असं आम्ही घरात धरून चाललो आहोत. ती एवढंच म्हणायची, "आधी पूल उडवतात रे, मग सोडवतात. सोडवायला माणूस तरी शिल्लक ठेवा म्हणावं."

प्रशिक्षणात साहेबांनी नमुना क्रमांक सात वाटला. त्यावर एकच प्रश्न होता. 'शेजारील देशातील प्रत्येक नागरिकास स्वतःच्या मताने जगता यावे, याकरिता तेथील हुकूमशहास हटविण्यात यावे काय?' खाली बारीक अक्षरात सूचना: 'उत्तर कुटुंबप्रमुखाने सर्व सदस्यांच्या वतीने द्यावे. अन्य सदस्याचे मत आढळल्यास अर्ज बाद समजण्यात येईल.'

मी हात वर केला. "साहेब, कुणी नाही म्हणालं तर?"

"म्हणू दे की. पूर्ण मोकळीक आहे. मागच्या पानावर सविस्तर कारण, दोन साक्षीदार आणि राहत्या घराचा पुरावा जोडायचा, बस्स."

"आणि हो म्हटलं तर?"

साहेबांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "हो म्हणायला कारण कशाला लागतं, मास्तर?"

पहिलंच घर निवृत्त तिकीट तपासनिसांचं लागलं. गृहस्थ प्रश्न वाचून तापले. "माणसाला तोंड उघडायची चोरी, हा काय न्याय झाला? मनुष्य आहे की मेंढरू?" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "मला विचाराल तर..." तपासनीस मान न वळवता म्हणाले, "चहाचं बघ." दारात त्यांचा चाळिशीचा मुलगा उभा होता. त्याने तोंड उघडलं, वडिलांकडे पाहिलं आणि जांभई दिल्यासारखं करून मिटलं. "लिहा, हो," तपासनीस म्हणाले. "आमच्या घरात पहिल्यापासून एकमत आहे."

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी उलटा प्रकार होता. दार नवऱ्याने उघडलं. "कुटुंबप्रमुख कोण?" मी विचारलं. "मीच," तो म्हणाला, आणि आत जाऊन विचारून आला. "हो, मीच." मग बाई बाहेर आल्या, त्याच्या हातातलं पेन काढून घेऊन खूण केली आणि सही करायला पेन परत त्याच्याकडे दिलं. "त्या मेल्याला हटवाच," मला म्हणाल्या. "सगळ्यांना नाचवतो म्हणे." नवऱ्याने सही केली. अक्षर सुरेख होतं. सवयीचं दिसत होतं.

घोड्याने पेंड खाल्ली ती तिसऱ्या घरात. तिथे एक परिचारिका एकटीच राहते. ती प्रश्न वाचून उंबऱ्यावरच बसली.

"थोरल्यांच्या तुरुंगातून सुटून आलेली माणसं माझ्या वॉर्डात होती," ती म्हणाली. "एकाची बोटं मी बांधली आहेत. तो माणूस जायलाच हवा. पण मागच्या वेळी आपण दक्षिणेकडे कुणाला तरी सोडवायला गेलो होतो ना, तिथली माणसंही मीच बांधली. ती जास्त होती."

"म्हणजे हो की नाही?"

"तेच तर कळत नाही. घालवावा तर कसा, आणि नंतर तिथे कोण निस्तरणार? आपण तर तोवर घरी आलेले असतो. मी एकटी असून माझ्या घरात एकमत होईना, मास्तर."

नमुन्यात दोनच चौकटी होत्या. मी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "एकट्या बाईच्या घरात मतभेद? विचार करते आहे म्हणजे विरोध नाही. विरोध नाही म्हणजे हो." मग त्यांना ते वाक्य आवडलं असावं, कारण दुपारी त्याचं परिपत्रक निघालं. त्यानुसार विचारात पडलेली, झोपलेली, कुलूपबंद आणि पाडलेली घरंही 'हो'त जमा झाली. काम भराभर उरकू लागलं. पाडलेल्या घरांसारखं सहकार्य मला दुसऱ्या कुणी दिलं नाही.

शेवटी आमच्याच घराचा अर्ज राहिला. साहेबांनी आधीच सुचवलं होतं, "गणकाच्या घरून नाही आलं तर बरं दिसत नाही. त्यातून तुमची बहीण तिकडे. लोक काय म्हणतील?" मी जेवणाच्या टेबलावर नमुना क्रमांक सात पसरला आणि कुटुंबप्रमुखाच्या आवाजात खाकरलो.

"नाही लिही," आई म्हणाली.

"आई, हे देशाचं काम आहे. तुला त्यातलं काय कळतं?"

"ताई कळते. दुकान कळतं. पूल कळतो. अजून काय कळायला हवं?"

"मलाही काही सांगायचं होतं," आमची ही म्हणाली.

"दोघींनी एकदम बोलू नका," मी म्हणालो. मग एकेकीनेही बोलू दिलं नाही, कारण अन्य सदस्याचे मत आढळल्यास अर्ज बाद होतो. नियम मी केला नव्हता. मी, आई, ही आणि दोन मुलं. पाच माणसांत एक मत म्हणजे एक पंचमांश, हे मला येतं, मी शिकवतो ते. मी 'हो'वर खूण केली. सही चांगली आली.

निकाल लागला. अठ्ठ्याण्णव टक्के घरं शेजाऱ्यांच्या स्वातंत्र्याच्या बाजूची निघाली. साहेबांची बढती झाली. फौजेला तारीख मिळाली, येता शुक्रवार. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "अरे, तिकडे सगळं ठीक आहे ना म्हणून विचारायचंय, तुमच्याकडे काही गडबड नाही ना? परवा आमच्याकडे एक माणूस आला होता कागद घेऊन. नदीपलीकडच्या लोकांना त्यांच्या जुलमी सरकारपासून सोडवावं का म्हणून. म्हणजे तुम्हाला रे. ह्यांनी हो लिहिलं. नाही म्हणायला दोन साक्षीदार लागतात, आणि आमच्याकडे साक्षीदार परत येत नाहीत."

"कधी सोडवणार आहेत आम्हाला?"

"शुक्रवारी म्हणतात. पुलावरून."

"ताई, भावोजींनी तुला विचारलं नाही?"

"मला कोण विचारतंय? तू आईला विचारलंस?"

मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये. आवाज चांगला येत होता. टेबलापलीकडे बसलेल्या आईलाही येत होता.

गुरुवारी सकाळी आईने पिशवी भरली. दोन लुगडी, औषधाची डबी आणि ताईच्या मुलांसाठी विणलेले दोन स्वेटर. "पूल आहे तोवर जाऊन येते," ती म्हणाली. "त्यांना घेऊन येते, नाहीतर मी तिथे राहते. शुक्रवारी माझी लेक कुठे आहे ते मला माहीत असलं पाहिजे."

मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी ओरडतो. दारात आडवा हात घालून मी म्हणालो, "कुठेही जायचं नाही. या घरात मी सांगतो तसं होईल. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

आई थांबली. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. रागाने नव्हे, लहानपणी माझा ताप बघायची तसं.

"थोरले," ती म्हणाली, "जरा बाजूला होता का?"

आमची ही तोंडावर पदर धरून हसली. मग तिने आईच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली, चपला घातल्या आणि दोघी माझ्या हाताखालून वाकून पायऱ्या उतरल्या. हिला काय सांगायचं होतं ते मला तेव्हा कळलं. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी दारातला हात खाली घेतला नव्हता. काय करणार, नियम मी केला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, हे तुमच्याकडचं झालं, आमच्या घरात तसं नाही, आम्ही सगळ्यांना बोलू देतो. असेलही. माझा विश्वास आहे. फक्त माझी गणकाची पाटी अजून गळ्यात आहे म्हणून विचारतो: हे उत्तर तुम्ही घरात कुणाला विचारून दिलंत?