जेवणाच्या टेबलावरचा समुद्र

दातांच्या डॉक्टरांकडे जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं चालायचं. तिथे पुठ्ठ्याच्या पटावर समुद्र पसरला होता, मध्ये बेटं होती आणि डॉक्टर, वकील, मास्तर या तीन मित्रांची लाकडी जहाजं. जो मधलं बेट घेईल तो जिंकला. पूर्वी हा खेळ रविवारी सकाळी मांडला की दिवेलागणीला निकाल लागायचा. मग वकिलाचं लग्न झालं, मास्तरला जुळं झालं, डॉक्टरांकडे मुलगी आली. आता तिघं कसेबसे जमायचे, जेमतेम एकेक चाल व्हायची, तेवढ्यात कुणाच्या तरी घरून फोन यायचा. पट तसाच मांडलेला राहायचा आणि नवरा-बायको मांडीवर ताटं घेऊन पलंगावर जेवायचे.

पण डॉक्टर खुशीत होते. या खेळात ते जन्मात कधी जिंकले नव्हते. कॉलेजात मित्रांनी त्यांचं नावच 'बुडालेला' ठेवलं होतं. या खेपेला मात्र त्यांची निळी जहाजं मधल्या बेटाला जाऊन भिडली होती. एक चाल, की झालं. उशिरा का होईना, आपलं डोकं चालायला लागलं, असं ते पेशंटांनाही सांगत. तोंडात हत्यार असताना बिचारे नाही कसं म्हणणार?

अखेर तो रविवार उजाडला. मित्र यायच्या जरा आधी मुलीनं टेबलक्लॉथ धरला आणि ती पहिल्यांदाच आपल्या पायांवर उभी राहिली.

"अरे, उभी राहिली बघ," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी पाहिलं. मुलगी उभी होती आणि समुद्र जमिनीवर होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला वाटलं, बापाचं काळीज आहे, व्हायचंच.

मित्र आले तेव्हा डॉक्टर सोफ्याखाली अर्धे शिरून जहाजं गोळा करत होते. "काही बिघडलं नाही. आठवून मांडू."

"मांड की," मास्तर म्हणाला. "मधलं बेट माझ्याकडे होतं."

"वर्गात असंच शिकवतोस का रे?" वकील म्हणाला. "ताबा माझा होता. उलट पुरावा असेल तर दाखव."

"अरे, बेटाला मी भिडलो होतो. मी जिंकत होतो," डॉक्टरांचा आवाज चिरकला.

"तेच तर आम्हाला नवल वाटत होतं," मास्तर म्हणाला.

शब्दानं शब्द वाढला. वकिलानं कॉलेजातली भांडणंसुद्धा उकरून काढली. शेवटी त्यानंच निवाडा दिला, "डाव रद्द. पहिल्यापासून मांडू." डॉक्टरांना वाईट वाटलं, पण एकदा जमलं ते पुन्हा जमेल, असं मनाशी म्हणून तेही तयार झाले.

"पहिल्यापासून?" बायको मुलीला कडेवर घेऊन मटकन खुर्चीत बसली. "म्हणजे पुन्हा पलंगावर जेवायचं? अरे, रोज पटावरची धूळ पुसताना याची निळी जहाजं एकेक घर पुढे ढकलत आणली मी. म्हटलं, कुणीतरी जिंका एकदाचे आणि माझं टेबल मोकळं करा."

डॉक्टरांनी हातातलं निळं जहाज पुन्हा एकदा पाहिलं.

"म्हणजे मी जिंकत होतो ते..." डॉक्टरांनी कसंबसं विचारलं.

"तू कुठला जिंकतोस," बायको मायेनं म्हणाली. "तू आपला दर चालीला ती जहाजं मागे न्यायचास. मला दुप्पट ढकलावं लागायचं."