आमच्या उंबऱ्याचा व्हिसा

सामान बांधावं तर मीच! आमचे हे मस्कतला वेल्डर. वर्षानं सुटीवर आलेले. शनिवारपर्यंत तिकडे पाय टेकला नाही तर व्हिसा रद्द, नोकरी खलास, असा तिथला नियम! म्हणून मी लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं चोख भरलं. शनिवारी पहाटे निघायचं होतं.

शुक्रवारी सकाळी बॅग तपासते, तर पासपोर्ट गायब!

"अहो, पासपोर्ट?"

"तुझ्याकडेच ना?"

डबे उपसले, गाद्या झटकल्या, टेपरेकॉर्डरचं खोकं पाहिलं, बाळीची झोळीसुद्धा सोडली! हे असे घामानं निथळत होते, की जणू मस्कतला पोचलेच!

सासूबाई नाशिकच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तो वाटेवरच्या कुसाबाईकडं हाय."

"काय?"

"उद्या अमावस. अमावसेला माझं लेकरू समुद्रापार जाणार नाय! कालच मुहूर्तावर प्रस्थान ठेवलं."

प्रस्थान म्हणजे, वाईट दिवशी निघायचं असेल तर चांगल्या दिवशीच प्रवाशाची एखादी वस्तू वाटेवरच्या घरी ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू! लोक सुपारी ठेवतात, उपरणं ठेवतात. सासूबाईंनी पासपोर्ट!

"त्याच्याबिगर विमानात घेत नाय, असं तूच म्हणला ना सावळीराम? मग तीच खरी वस्तू!"

हे अनवाणी पळाले. पासपोर्ट घेऊन परत येतात, तर सासूबाई दारात आडव्या!

"आत नाय यायचं! तू निघालास. फिरून घरात आलास तर समदं वाया!"

"अगं आई, उद्या जायचंय!"

"मग उद्यापतूर कुसाबाईकडं ऱ्हा!"

माझा नुसता संताप! अहो, परक्या मुलखातले साहेबसुद्धा शिक्का बघून माणसाला आत घेतात! आमच्या उंबऱ्यावर शिक्काही चालेना! बाळीची बापाशी आत्ता कुठे ओळख झालेली. तिच्या वाट्याचा शेवटचा दिवसही हिरावला!

डबा भरला, बाळीला कडेवर घेतलं आणि तणतणत कुसाबाईंकडे गेले. त्या नेमक्या सायखेड्याला लेकीकडे निघालेल्या. किल्ली माझ्या हातात ठेवून गेल्या.

दार लोटलं आणि डोक्यात प्रकाश पडला. दहा माणसांच्या घरात लग्नापासून कधी मिळालं नाही, ते रिकामं घर! बाळी बापाच्या पोटावर झोपली. आम्ही चहा केला, भांडलो, मोठमोठ्यानं हसलो. पलीकडून कुणी खाकरलं नाही!

हे वेळेत पोचले. मी सासूबाईंकडून पुढच्या वर्षीच्या सगळ्या अमावास्या विचारून घेतल्यात. पुढच्या सुटीनंतर मस्कतला परतायचं तिकीट त्यातल्याच एका दिवसाचं काढायला ह्यांना कळवलंय.

सासूबाई गल्लीभर सांगत फिरतायत, "आमची सून लय सुधारली! आता तिथ्या बघती!"